राजाच्या वतीनं

हेमचंद्र तिसऱ्यांदा स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. उजव्या बाजूला, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. स्टिअरिंगवर वनिताबाई होत्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण नवरा गाडीत आहे आणि ब्रेक कधी दाबायचा हे सांगत नाही, असा योग त्यांना पहिल्यांदाच आला होता. त्या मजेत होत्या.

“अहो, पर्स राहिली,” त्या म्हणाल्या.

हेमचंद्रांनी बायकोची काळी पर्स डाव्या हातात अडकवली. ही कल्पना यामिनीची. यामिनी मराठी मंडळाची सेक्रेटरी. मार्कहॅमच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायची, त्यामुळे कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. येणाऱ्या पाहुण्या बाई आहेत, म्हणजे हातात पर्स असणार. मग त्या गुच्छ कुठल्या हातानं घेणार आणि शेकहँड कुठल्या हातानं करणार, हे तिला आधी बघायचं होतं. पहिल्या दोन्ही वेळा गुच्छ जमिनीवर पडला होता.

पुढच्या रविवारी कॅनडातल्या त्यांच्या प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर व्हिटबीत येणार होत्या. मंडळाच्या मराठी शाळेला वीस वर्षं पूर्ण झाली, त्या समारंभाला. राजा राहतो लंडनला. त्याच्या नावानं इथे फिती कापायच्या, पदकं द्यायची, शंभरी गाठलेल्यांना शुभेच्छा पाठवायच्या, हे लेफ्टनंट गव्हर्नरांचं काम. म्हणजे राजाच्या वतीनं त्या, आणि आज रंगीत तालमीपुरते त्यांच्या वतीनं हेमचंद्र वैरागडे, मुक्काम पोस्ट उमरेड, जिल्हा नागपूर.

“काका, तुम्हाला स्टेजवर काही बोलायचं नाहीये ना? मग तुम्हीच लेफ्टनंट गव्हर्नर व्हा,” असं यामिनी सकाळी म्हणाली होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण तुम्हाला काही बोलायचं नाहीये, हे वाक्य हेमचंद्रांच्या घशात तेव्हापासून अडकून बसलं होतं.

वनिताबाईंनी कम्युनिटी सेंटरच्या पार्किंग लॉटला वळसा घातला. लेकवरून गार वारा येत होता आणि गळलेली मेपलची पानं गाडीपुढे पळत होती.

“इतकं मनाला लावून घेऊ नका,” त्या आरशात बघून म्हणाल्या.

“मी कुठं लावून घेऊन राहिलो?”

“मग परवा शेजारच्या अंगणातली पानं कशाला गोळा केलीत? आपली संपली म्हणून?”

हेमचंद्रांनी खिडकीबाहेर पाहिलं. परवा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती यादी आली होती. पाहुण्यांशी ओळख करून द्यायच्या दहा जणांची, ज्याच्या त्याच्या नंबरानं. सातव्या नंबरवर लिहिलं होतं, हेमचंद्र वैरागडे, व्हॉलंटिअर. खाली त्यांनी अंगठा दाखवला होता, सगळ्यांनी दाखवला तसाच, आणि मग पानं ओढायचा पंजा उचलून अंगणात गेले होते.

व्हॉलंटिअर. ज्या शाळेला वीस वर्षं झाली ती यांच्या बेसमेंटमध्ये भरली होती, फर्नेसच्या शेजारी, चार पोरांना घेऊन. फळा त्यांनी स्वतः रंगवला होता. बाराखडीचे तक्ते वनिताबाईंनी चिकटवले होते, आणि दुसऱ्या वर्षी तळघरात पाणी शिरलं तेव्हा ते तक्ते त्यांनी गादीखाली सुकवले होते. तेव्हा सूर्यकांत आगाशे कुठे होते? पुण्यात होते. ते आले तिसऱ्या वर्षी, मुलाला शाळेत घालायला. आणि आता सहा वर्षं मंडळाचे अध्यक्ष.

गाडी दाराशी थांबली. यामिनीनं लगबगीनं येऊन दार उघडलं, कारण पाहुण्यांबरोबर गणवेशातला एक अधिकारी असतो आणि ते काम त्याचं. हेमचंद्र उतरले. समोर सूर्यकांत उभे होते. तालमीलाही राखाडी सूट, पांढरे केस नीट मागे वळवलेले, चेहऱ्यावर ते नेहमीचं प्रसन्न हसू. यजमान म्हणून गाडीपाशी उभं राहायचा मान एकाच माणसाला असतो, असं राजभवनाच्या म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नरांच्या ऑफिसातून आलेल्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं. बाकी सगळ्यांनी आत थांबायचं.

“वेलकम टु व्हिटबी, युवर ऑनर,” सूर्यकांत म्हणाले.

काय तो आवाज. खर्जातला, स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवलेलं. हेमचंद्रांना त्या आवाजाचा जितका राग यायचा तितका त्या माणसाचाही येत नसे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पण सूर्यकांत कुणाच्या आजारपणाला सूप घेऊन जात, नव्यानं आलेल्या पोरांना विंटर टायर कुठे मिळतात ते सांगत, आणि कुणाचंही श्रेय त्यांनी उचलून खिशात घातलं असं म्हणता आलं नसतं. लोकच आणून त्यांच्या हातात द्यायचे. त्यांना सगळे सर म्हणत. हेमचंद्रांना काका.

“थँक यू,” हेमचंद्र म्हणाले, आणि या खेपेला गुच्छ पर्सच्या हातात घेऊन उजवा हात पुढे केला. यामिनीनं वहीत खूण केली.

“आता जमलं,” ती म्हणाली. “सर, मी तुम्हाला परवा मेल केली होती ना, गुच्छ छोटा ठेवा म्हणून.”

“मेल केला होता,” सूर्यकांत म्हणाले. “मेल पुल्लिंगी. पण तुझं म्हणणं बरोबर आहे, छोटा आणू.”

शेजारच्या माणसाची कॉलर वळली असेल तर आपण सरळ करतो ना, तसं ते शब्द सरळ करायचे. मनात काही नसायचं. यामिनी हसली, आणि मग तिनं तो शब्दच टाळला.

आत हॉलमध्ये सगळे उभे होते. पाहुण्या सर्वांत शेवटी आत येणार आणि त्या आल्या की सगळ्यांनी उठायचं. त्या जाईपर्यंत कुणी जायचं नाही, पोर रडलं तरी. यामिनीनं फोनवर सलामीची धून लावली, अर्धी राजाच्या गीताची आणि अर्धी ओ कॅनडा या राष्ट्रगीताची. हेमचंद्र पर्स सांभाळत ताठ उभे राहिले. चाळीस माणसं आपल्याकडे तोंड करून सावधान उभी आहेत, हे दृश्य बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, खूपच बरं वाटत होतं.

पहिल्या कमिटी मीटिंगमध्ये सूर्यकांतांनी या सगळ्याची माहिती दिली होती. “इंग्लंडमध्ये प्रत्येक काउंटीला राजाचा असा एक प्रतिनिधी असतो, लॉर्ड-लेफ्टनंट,” ते म्हणाले होते. “समारंभाचा गणवेश, कमरेला तलवार. राजा काउंटीत येणार असला की स्वागताला हा हजर. आपल्याकडे प्रांताला लेफ्टनंट गव्हर्नर. तलवार नाही, पण मान तोच.” लोक कान देऊन ऐकत होते. हे काय, इंटरनेटवर कुणीही वाचू शकतं, असं हेमचंद्रांच्या मनात आलं होतं. आपण वाचलं नाही, हेही लगेच मनात आलं होतं. मुळात निमंत्रणाचं पत्र सूर्यकांतांनी धाडलं तेव्हा ‘राजाची माणसं आपल्या वडापावला येऊन राहिली काय’ म्हणून सर्वांत मोठ्यानं हसले होते ते हेमचंद्रच. उत्तर आलं, आणि त्या हसण्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

ओळख करून द्यायची रांग खिडकीच्या बाजूला होती. जमिनीवर निळ्या टेपचे दहा तुकडे चिकटवलेले, प्रत्येकावर मार्करनं नंबर. सूर्यकांत हेमचंद्रांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे.

“प्रत्येकाची ओळख एका वाक्यात,” यामिनीनं सगळ्यांना पुन्हा बजावलं. “मग त्या एखादा छोटा प्रश्न विचारतील. उत्तर पण छोटं. आणि प्रत्येक वेळी युवर ऑनर.”

“ते कोर्टातल्यासारखं वाटतं गं,” पहिल्या नंबरच्या बाई म्हणाल्या. या शाळेच्या मुख्याध्यापिका. “माझ्या तोंडून माय लॉर्ड निघून जाईल.”

“मग आरोप मान्य आहे म्हणा आणि सुटा,” हेमचंद्र म्हणाले. सगळे हसले. सूर्यकांतही हसले.

हेमचंद्रांना रंग चढला. मुख्याध्यापिकांना त्यांनी शाळेत मुलं किती ते विचारलं. दोन नंबरच्या खजिनदारांना थंडी कशी सोसता म्हणून विचारलं. सूर्यकांत एकेकाची ओळख करून देत होते, वाक्य एकच, पण असं की तो माणूस दोन इंच उंच व्हावा. पाचव्या नंबरच्या आजी ढोकळा करतात तितकाच उत्तम इतिहासही सांगतात, असं ते म्हणाले आणि आजी लाजल्या. हे सगळं इंग्रजीत, कागद न बघता. सहाव्या नंबरवर हॉल स्पॉन्सर करणारे घरविक्रीचे एजंट होते.

“डू युवर चिल्ड्रन स्पीक मराठी?” हेमचंद्रांनी विचारलं. प्रश्न जरा टोचराच होता. आपल्या आधीचा नंबर मिळालेल्या माणसाला त्यांनी तो मुद्दाम विचारला.

“दे अंडरस्टँड एव्हरीथिंग, युवर ऑनर,” एजंट म्हणाले.

“हाऊ वंडरफुल,” हेमचंद्र म्हणाले. रांगेत खसखस पिकली. त्या हॉलमधल्या बहुतेक घरांचं उत्तर हेच होतं. मुलांना समजतं सगळं.

मग सातवा नंबर आला. तिथे टेपचा तुकडा होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

“हे काकांचं,” यामिनी वहीतून वर न बघता म्हणाली. “काका तर इकडे आहेत. स्किप करू, आठ नंबर घ्या.”

“नको,” सूर्यकांत म्हणाले. “तालीम आहे तर पुरी करू.”

त्यांनी रिकाम्या टेपकडे हात केला, जसा बाकी सगळ्यांकडे केला होता तसाच, तळवा वर. हेमचंद्रांनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. परवापासून ज्या शब्दानं अंगाचा तिळपापड होत होता तो शब्द आता या सुंदर आवाजात, चाळीस माणसांसमोर ऐकायचा होता, आणि वर हाऊ वंडरफुल म्हणायचं होतं. लेफ्टनंट गव्हर्नरांना राग येत नसतो.

“युवर ऑनर, धिस इज मिस्टर हेमचंद्र वैरागडे,” सूर्यकांत म्हणाले. “ही इज…”

ते थांबले. सहा जणांना न अडखळता उंच करणारा माणूस सातव्याला थांबला. खिशातून त्यांनी यादी काढली, सातवी ओळ वाचली आणि यादी परत खिशात घातली.

“माय सन स्पीक्स मराठी विथ हिम,” ते म्हणाले. आणि मग जरा हळू, “विथ मी, इंग्लिश.”

“सर, एकच वाक्य,” यामिनी म्हणाली. मग तिनं वर पाहिलं आणि पेन खाली घेतलं.

सूर्यकांतांनी हात खाली घेतला नव्हता. ते हेमचंद्रांकडे बघतही नव्हते, टेपकडे बघत होते. तिथे हेमचंद्र नव्हते म्हणूनच बहुधा त्यांना हे बोलता आलं होतं. अठरा वर्षांत ते कधी बोलले नव्हते.

आणि ते खरं होतं. स्वानंद आता सव्वीस वर्षांचा, टोरोंटोत बँकेत नोकरीला. दर गुरुवारी संध्याकाळी तो ट्रेनमधून हेमचंद्रांना फोन करायचा, ऑफिसातल्या गमती सांगायचा, मॅनेजरच्या नकला करायचा, सगळं मराठीत. ती मराठीही कशी, तर ‘काका, मी येऊनच राहिलो होतो’ अशी, हेमचंद्रांच्याच शाळेत उचललेली, उमरेडची. कॅनडात वाढलेला पुण्याच्या आगाशांचा मुलगा.

हेमचंद्रांना पहिला वाटला तो आनंद. निव्वळ, लाज वाटावी असा आनंद. इतकी वर्षं हा माणूसही आपल्याकडे बघून जळत होता तर. सूट घालून, आवाज लावून, सूप वाटत फिरताना दर गुरुवारी याच्या पोटात दुखत होतं. हेमचंद्रांना वाटलं, आता तो कागदावरचा व्हॉलंटिअर तसाच राहिला तरी चालेल, आपल्याला मिळायचं ते मिळालं.

पण आनंदाच्या मागोमाग दुसरंही एक आलं. मुलगा बापाशी इंग्रजीत का बोलतो, हे सूर्यकांतांना ठाऊक नव्हतं. हेमचंद्रांना ठाऊक होतं.

स्वानंदनंच ते सहा वर्षांपूर्वी हसत हसत सांगितलं होतं. नऊ वर्षांचा असताना गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा धावत येऊन म्हणाला, बाबा, मी पाणी पिलो. ‘प्यायलो,’ बाबा म्हणाले. हा म्हणाला, हो, पिलो. पाहुणे हसले. ‘प्यायलो. म्हण बघू.’ मग दुसऱ्या दिवशी ‘मी करून राहिलो’वरून, मग ‘मला वाटते’वरून. रागावून नाही, प्रेमानं, दर वेळी. “बाबांशी मराठी बोललं की परीक्षा देऊन राहिलो असं वाटते, काका,” स्वानंद म्हणाला होता. “इंग्लिशमध्ये त्यांना माझ्या मिस्टेक्स सापडत नाहीत.”

हेमचंद्र तेव्हा खूप हसले होते. आणि ते सांगितलं नव्हतं. सांगायला एक मिनिट लागलं असतं. मंडळाच्या मीटिंगनंतर, पार्किंगमध्ये, चहाच्या कपापाशी, कुठेही. अहो आगाशे, त्याचं चुकलं तरी चुकू द्या. इतकंच. पण त्या माणसाजवळ सगळं होतं, आवाज होता, अध्यक्षपद होतं, लोकांचं प्रेम होतं, आणि ही एकच गोष्ट अशी होती की जी त्याच्याजवळ नव्हती आणि हेमचंद्रांजवळ होती. ती त्यांनी जपून ठेवली होती. सहा वर्षं.

हॉलमध्ये कुणी खुर्ची सरकवली. पाचव्या नंबरच्या आजी उगाच पदर सारखा करत होत्या.

“काका,” यामिनी हलक्या आवाजात म्हणाली, “हाऊ वंडरफुल म्हणा आणि पुढे चला.”

तसं करता आलं असतं. हेमचंद्रांनी तोंड त्यासाठीच उघडलं होतं. आठव्या नंबरचे गृहस्थ टायची गाठ नीट करून तयार होते, त्यांच्यानंतर दोघे, मग चहा. रविवारी खऱ्या लेफ्टनंट गव्हर्नर आल्या असत्या, सूर्यकांतांनी सातव्या नंबरला काहीतरी छान म्हटलं असतं, आणि गुरुवारी पुन्हा फोन आला असता.

“व्हेन ही मेक्स अ मिस्टेक,” हेमचंद्रांनी विचारलं, “डू यू करेक्ट हिम, सर?”

हे त्यांनी मदत म्हणून विचारलं की सुई टोचावी तसं, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आवाज मात्र पाहुण्याचाच ठेवला होता, लांबचा आणि सभ्य.

सूर्यकांतांची पाठ सरळ झाली. प्रश्न सोपा होता आणि उत्तर छोटं द्यायचं होतं.

“ऑलवेज, युवर ऑनर,” ते म्हणाले, त्याच खर्जातल्या, स्वच्छ आवाजात. त्यात अभिमानसुद्धा होता.

मागे दोघातिघांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे, आपण नाही सुधारायचं तर कुणी. यामिनीनं वहीत खूण करायला पेन टेकवलं. हेमचंद्र पुढच्या टेपकडे सरकले नाहीत. ते सूर्यकांतांकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच सूर्यकांतांनीही टेपवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

“नेहमी,” ते म्हणाले. या वेळी मराठीत, आणि कुणालाच ऐकू जाऊ नये इतकं हळू.